येशूला मोठं करायला परुश्यांना छोटं कशाला?

*मी ठाण्याला एका शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चच्या संडे स्कूलमध्ये दहा-बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. शाळेतली माझी एक सहकारी बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, आहे. उपवासकाळातल्या एका उपासनेला ती माझ्याबरोबर आली होती. त्या दिवशीचा उपदेश असा होता की यहुद्यांकडे नुसते नियम होते, प्रीती येशूने आणली. 'परुशी' हे येशूच्या काळातल्या एका यहुदी धर्मगटाचं नाव, पण तो शब्द तर शिवीसारखाच वापरला जात होता. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "शेजाऱ्यावर प्रेम कर, हे आमच्या तोरातच आहे गं." मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन बायबलमधलं लेवीय, म्हणजे त्यांच्या तोरातलंच एक पुस्तक, उघडलं, तर खरंच होतं. पुढच्या रविवारी मला चांगल्या शोमरोन्याचा धडा घ्यायचाय. येशूचं सगळं आधीच सांगून झालेलं असेल, तर त्याचं स्वतःचं काय उरलं? मुलांना काय सांगू? पाळकसाहेबांशी बोलू का? शिवाय या वर्षी पवित्र गुरुवारी चर्चमध्ये यहुदी पद्धतीचं वल्हांडणाचं, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाचं, जेवण ठेवायचं चाललंय. ते बरोबर आहे का?*
*— एक शिक्षिका, ठाणे*

प्रिय ताई,

तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. लेवीयाच्या 19व्या अध्यायातलं 18वं वचन पाहून पुस्तक मिटलं असेल, तर आता त्याच्या मागचं-पुढचंही वाचा. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, वजन-मापात खोट करू नका, अशा गोष्टींच्या मधोमध ते प्रीतीचं वचन येतं. 34व्या वचनात तर तुमच्यात राहणाऱ्या परक्यावरही स्वतःसारखी प्रीती करा असं म्हटलंय, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. नियम एका बाजूला आणि प्रीती दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी त्या पानावर कुठे सापडत नाही. मजुराचे पैसे संध्याकाळी त्याच्या हातावर ठेवायचे, ही तिथली प्रीती.

आता मार्कचा 12वा अध्याय काढा. एक शास्त्री येशूला विचारतो, सगळ्यांत पहिली आज्ञा कोणती? येशूचं उत्तर सुरू होतं ते 'हे इस्राएला, ऐक' इथून. हा शेमा, अनुवादाच्या 6व्या अध्यायातला. धर्म पाळणारा यहुदी आजही तो सकाळ-संध्याकाळ म्हणतो. त्याला येशू लेवीयातलं वचन जोडतो. शास्त्र्याला ते पटतं. होम-यज्ञांपेक्षा हे मोठं आहे, अशी तो स्वतःहून भरही घालतो, आणि येशू त्याला म्हणतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. मंदिराच्या आवारात दोन यहुदी माणसं शास्त्रावर बोलताहेत आणि त्यांचं एकमत होतंय, असा हा प्रसंग. उपदेशात तो असा सांगितलेला फारसा ऐकू येत नाही. लूकमध्ये तर त्याहून पुढची गोष्ट आहे. तिथे या दोन आज्ञांची जोडी येशू लावतच नाही, समोरचा शास्त्री लावतो, आणि येशू त्याला 'बरोबर उत्तर दिलंस' म्हणतो. हा लूकचा 10वा अध्याय, म्हणजे तुमच्या रविवारच्या धड्याचाच.

ठाण्यात राहता, टेंभी नाक्याजवळचं 1879चं सिनेगॉग तुम्ही येता-जाता पाहिलंच असेल. मैत्रिणीला कधी विचारलं नसेल तर ऐका: तिचे पूर्वज कोकणातल्या गावांमधून तेलाचे घाणे चालवत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की बाकीची हिब्रू प्रार्थना विसरली गेली, तरी शेमा तोंडात राहिला. येशूने जिला पहिली आज्ञा म्हटलं, तेच ते शब्द. अलिबागकडच्या तेल्यांनी ते शतकानुशतकं जपले, आणि आपण त्यांच्याच लेकीसमोर म्हणतो की तुमच्याकडे नुसते नियम होते.

तुमचा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे: मग येशूचं स्वतःचं काय? त्यातली धास्ती मला कळते. लहानपणापासून आपल्याला असंच शिकवलेलं असतं की आजूबाजूचे सगळे चुकत होते आणि तो एकटा बरोबर होता. त्यामुळे आजूबाजूच्या कुणी काही बरोबर म्हटलेलं सापडलं, की त्याचं काहीतरी कमी झालंसं वाटतं. पण मी नियमशास्त्र रद्द करायला आलेलो नाही, हे डोंगरावरच्या प्रवचनात तो स्वतःच सांगतो. नवेपणाचा दावा त्याने केलेला नाही. तो आपण त्याच्या वतीने करतो, आणि करताना त्याच्या लोकांना चिखलात उभं करतो.

त्याला त्याच्या जागी, हेरोद अंतिपाच्या गालीलात, बसवून पाहा. त्या काळच्या यहुद्यांमध्ये शास्त्राचा अर्थ लावण्यावरून वाद घालणं हा धर्म पाळण्याचाच भाग होता. हिल्लेल आणि शम्माई या दोन गुरूंच्या परंपरा एकमेकींशी भांडत, आणि पुढे मिश्ना नावाचा ग्रंथ झाला तेव्हा दोघांचीही मतं शेजारी शेजारी लिहून ठेवली गेली, मागे पडलेलीसुद्धा. येशूचे वाद या गर्दीत उभे राहून ऐकले, तरच तो नेमकं कुणाला काय उत्तर देतोय ते समजतं.

घटस्फोटाचं घ्या. बायकोत काही अनुचित आढळलं तर सूटपत्र द्यावं, असं अनुवादाच्या 24व्या अध्यायात आहे. अनुचित म्हणजे काय? शम्माईचे लोक म्हणत, व्यभिचारासारखं काही असेल तरच. हिल्लेलचे लोक म्हणत, तिने जेवण बिघडवलं तरी पुरे. पुढच्या काळातला अकीबा तर म्हणतो, दुसरी तिच्यापेक्षा देखणी दिसली तरी चालेल. आता मत्तयाच्या 19व्या अध्यायातला परुश्यांचा प्रश्न वाचा: कोणत्याही कारणावरून बायकोला टाकणं योग्य आहे का? येशूला कोंडीत पकडायला ते आले असले, तरी प्रश्न त्यांनी पदरचा रचलेला नाही. गावोगाव चाललेल्या वादात तू कोणत्या बाजूचा, एवढं ते विचारताहेत. येशू थेट उत्पत्तीकडे जातो, देवाने नर व नारी अशी ती निर्माण केली, आणि जवळजवळ दारच बंद करतो. मृत समुद्राजवळ कुमरानला 1947 पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांच्या पंथाच्या एका नियमग्रंथातही उत्पत्तीतलं हेच वचन पुढे केलेलं आहे, तिथे दोन बायका करण्याच्या विरोधात. म्हणजे या विषयात येशू बहुतेकांपेक्षा कडक आहे. कठोर यहुदी आणि सवलत देणारा येशू हे समीकरण इथेच मोडतं, आणि ते मोडलेलं बरं.

शब्बाथावर मात्र तो मोकळा वाटतो. तिथेही तो एकटा नाही. त्या दिवसाचं मोल आधी समजून घ्या. गुलामाला आणि बैलालासुद्धा आठवड्यातून एक दिवस विसावा द्यायचा, असा तो कायदा होता. रोमचा तत्त्वज्ञ सेनेका हसायचा की हे लोक आयुष्याचा सातवा भाग आळसात घालवतात. इ.स.पू. 167च्या सुमारास अंतियोख राजाच्या छळात सुमारे हजार माणसं शब्बाथाला शस्त्र उचलायचं नाही म्हणून गुहांमध्ये मरण पत्करून गेली. त्यानंतर त्या राजाविरुद्ध बंड करणाऱ्या मक्काबी घराण्याने ठरवलं की हल्ला झाला तर शब्बाथालाही लढायचं. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मागे सरतो हे तत्त्व पुढे पक्कं झालं, आणि शब्बाथ तुमच्या हाती दिलाय, तुम्हाला त्याच्या हाती दिलेलं नाही, असं एका रब्बीचं, म्हणजे यहुदी धर्मगुरूचं, वचनही यहुदी ग्रंथात आहे. 'शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही' याच्या शेजारी ते ठेवून पाहा.

मग भांडण कशावरून झालं? जीव धोक्यात नसेल तर काय, यावरून. वाळलेल्या हाताचा माणूस संध्याकाळपर्यंत थांबू शकला असता. येशू विचारतो, तुमचं मेंढरू शब्बाथाला खड्ड्यात पडलं तर तुम्ही वर काढणार नाही का? हे तो अशा लोकांना विचारतो जे काढत असत, म्हणून तर त्याच्या बोलण्याला धार येते. कुमरानच्या पंथाच्या नियमांत शब्बाथाला जनावर खड्ड्यातून काढायलाही मनाई होती. त्यांच्यापुढे हा युक्तिवाद चालला नसता. लहान गोष्टीला मुभा आहे तर मोठीला नक्कीच असणार, ही मांडणीही त्या काळच्या शास्त्रचर्चेतली ओळखीची रीत. तो परुश्यांना त्यांच्याच तर्काने पकडत होता, कारण तर्क दोघांचा एकच होता.

आणि तो गालावरच्या चपराकीचा भाग. 'डोळ्याबद्दल डोळा' ऐकलं की आपल्या मनात डोळे फोडणारे लोक येतात. मिश्नातला कायदा तसा नाही. तिथे इजेची भरपाई पैशांत मोजलेली आहे: जखमेची, वेदनेची, औषधोपचाराची, बुडालेल्या मजुरीची आणि अपमानाची. थोबाडीत मारली तर 200 झूज (त्या काळची चांदीची नाणी), आणि उलट्या हाताने मारली तर 400, कारण उलटा हात जास्त अपमान करतो. आता मत्तयात येशू कोणता गाल म्हणतो ते पाहा. उजवा. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटाच लागतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात हा हिशोब असेल, तर येशू त्याला सांगतोय की ज्या अपमानाची दुप्पट भरपाई मागायचा तुला हक्क आहे, तो हक्कही सोड. रानटी कायद्याच्या जागी दयाळू कायदा आणणं ही सोपी गोष्ट झाली असती. दयाळू कायद्यातली आपली हक्काची रक्कम सोडायला सांगणं फार अवघड आहे, आणि मला तरी येशू या अवघड जागीच त्याच्या खऱ्या उंचीचा वाटतो.

शत्रूबद्दलही तेच. 'शत्रूचा द्वेष कर' असं वचन नियमशास्त्रात कुठेही नाही. उलट निर्गमाच्या 23व्या अध्यायात, तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलं असेल तर त्याला मदत कर, असं आहे, आणि नीतिसूत्रं भुकेल्या शत्रूला जेवायला घालायला सांगतात. द्वेष करायला सांगणारं वाक्य सापडतं ते कुमरानमध्ये, अंधाराच्या पुत्रांचा द्वेष करा म्हणून. पण गाढव उठवणं वेगळं आणि रोमची सत्ता डोक्यावर असताना शत्रूवर प्रीती करा असं उघड, बिनशर्त म्हणणं वेगळं. तिथे येशूचा आवाज निराळा ऐकू येतो. जकातदारांच्या पंगतीला तो बसतो तिथेही, आणि बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला तो 'मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांस पुरू दे' म्हणतो तिथे तर अंगावर काटा येतो, कारण बापाला मूठमाती देणं हे त्या समाजात टाळता न येणारं कर्तव्य होतं. देवाचं राज्य दाराशी आलंय, आता थांबायला वेळ नाही, अशी घाई त्याच्या सगळ्या बोलण्यात आहे. ती दिसायलासुद्धा आजूबाजूचे लोक काय मानत होते ते माहीत असावं लागतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हा शोध लागल्यावर माणसं दुसऱ्या टोकाला जातात आणि येशूच्या प्रत्येक वाक्याला एक रब्बी शोधू लागतात. मिश्ना साधारण इ.स. 200च्या सुमारास संकलित झाली, तिच्यावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ तालमूद त्याच्याही काही शतकांनंतर. तुला जे नको वाटतं ते दुसऱ्याला करू नकोस, हाच सगळा तोरा, बाकी भाष्य आहे, हे हिल्लेलचं प्रसिद्ध उत्तर आपल्याला तालमूदमधूनच मिळतं आणि हिल्लेल येशूच्या आधीच्या पिढीतला. परंपरा जुनी असणार, पण नेमके शब्द त्या दिवशीचे आहेत असं छातीठोकपणे सांगता येत नाही. वर्गात 'येशूच्या लोकांमध्ये असंही म्हटलं जाई' एवढं बोललात तरी भागेल.

परुश्यांकडे येते. मंडळीत कुणी वरवरचा धार्मिक दिसला की आपण त्याला परुशी म्हणून मोकळे होतो. पण हे लोक कोण होते? योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार त्यांची संख्या 6,000च्या वर सांगतो. मंदिरातली शुद्धता त्यांनी साध्या घरातल्या ताटापर्यंत आणली. मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर त्यांचा विश्वास होता, आणि तो न मानणारा दुसरा यहुदी गट, सदूकी, त्यावरून येशूची टिंगल करायला आला तेव्हा येशू परुश्यांच्याच बाजूने बोलला. लूकमध्ये तो तीनदा परुश्याच्या घरी जेवायला बसतो. हेरोद तुला मारायला टपलाय, इथून निघ, असं येऊन सांगणारेही परुशीच, लूकच्या 13व्या अध्यायात. प्रेषितांची बाजू घेणारा गमलिएल परुशी होता. पौल तर ख्रिस्ती झाल्यावर, न्यायसभेपुढे उभा राहून, मी परुशी आहे असं वर्तमानकाळात म्हणतो. आणि क्रूसावर देणं ही शिक्षा रोमची, हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा.

मत्तयाचा 23वा अध्याय जहाल आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण त्याची सुरुवात वाचा: ते मोशेच्या आसनावर बसलेत, ते सांगतील ते करा, फक्त त्यांच्यासारखे वागू नका. पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश देता आणि न्याय-दया विसरता, असं तो खडसावतो, आणि लगेच म्हणतो की हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. ही घरातली बोलणी आहेत. आपल्या वारकरी संतांनी भोंदू साधूंवर आणि टिळेमाळावाल्यांवर किती कोरडे ओढले ते तुम्ही शाळेतच शिकवत असाल. ते वाचून वारकरी तेवढे ढोंगी असा निष्कर्ष कुणी काढला तर तुम्ही त्याला काय म्हणाल? तालमूदमध्येही परुश्यांचे सात प्रकार सांगितलेत आणि बहुतेक टिंगलच आहे. त्यातला एक बाई नजरेस पडू नये म्हणून डोळे मिटून चालतो आणि भिंतीवर आपटून रक्तबंबाळ होतो.

घरातली बोलणी घराबाहेर गेली की त्यांचं काय होतं, हे इतिहासात दिसतं. शुभवर्तमानं आज आहेत त्या रूपात आली ती बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स. 70च्या आसपास आणि त्यानंतर. त्या वर्षी रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं, आणि उरलेल्या गटांमध्ये इस्राएलाचा खरा वारस कोण यावरून कडवट झगडा सुरू झाला. त्याची धग योहानाच्या शुभवर्तमानात 'यहुदी' शब्द ज्या सुरात येतो तिथे जाणवते, आणि लिहिणारे बहुतेक स्वतःच यहुदी होते. पुढे हीच वाक्यं राजांच्या आणि धर्मसत्तेच्या हाती गेली. फार लांब युरोपात जायला नको. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं ते आधी यहुदी वंशाच्या नवख्रिस्त्यांच्या मागे लागलं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये ग्रंथ छापणारा डॉक्टर गार्सिया द ओर्ता त्याच वंशातला. त्याच्या बहिणीला 1569 मध्ये जाळलं, आणि तो मेल्यावर 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. यहुदी लोकांना ख्रिस्ताच्या मृत्यूसाठी सरसकट दोषी धरू नये, हे रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे म्हटलं, तेव्हा 1965 साल उजाडलं होतं. पाळकसाहेबांच्या मनात यातलं काहीही नसेल, याची मला खात्री आहे. वाक्यं मात्र तीच आहेत.

आता रविवारचा वर्ग. शोमरोन्याच्या गोष्टीत दरोडेखोरांनी मारून टाकलेला माणूस रस्त्यात पडलेला असताना याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा पुजारी आणि मंदिराचा सेवक, बाजूने का निघून गेले? आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असं की प्रेताला शिवून विटाळ होईल म्हणून. नियमांमुळे दया हरवली. हे उत्तर मुलांना देऊ नका, कारण ते टिकत नाही. लूक विटाळाचा उल्लेखही करत नाही. माणूस मेलेला नव्हता, अर्धमेला होता. लेवीयाच्या 21व्या अध्यायातला प्रेताचा नियम याजकांसाठी आहे, लेव्यांसाठी नाही. याजक यरुशलेमहून खाली यरीहोकडे चाललाय, म्हणजे मंदिराकडे पाठ करून. आणि वाटेत बेवारस प्रेत दिसलं तर मुख्य याजकानेसुद्धा स्वतः विटाळून घेऊन ते पुरावं, असं मिश्ना सांगते. तेव्हा त्या दोघांनी नियम पाळला म्हणून नव्हे, मोडला म्हणून ते चुकले. का मोडला? त्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये हजार मीटरची उतरण, उघडेबोडके डोंगर, आणि दरोडेखोर अजून जवळपास असणार. भीती वाटली असेल. मुलांना हे लगेच समजेल. रस्त्यावर अपघात झाला की मोठी माणसं गाडी का थांबवत नाहीत, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

मग मुलांना विचारा, याजक आला, लेवी आला, आता तिसरा कोण येणार? त्या काळच्या ऐकणाऱ्याला उत्तर पाठ होतं: याजक, लेवी आणि साधा इस्राएली, ही लोकांची नेहमीची तीन भागांची मोजणी. साधा आपला माणूस येणार आणि हिरो होणार, असं वाटत असताना येशू तिथे शोमरोनी आणतो. 'चांगला शोमरोनी' म्हणून म्हणून आपल्याला तो आता दयाळू काकांसारखा वाटतो. तेव्हा तसं नव्हतं, शोमरोनी आणि यहुदी यांचं जुनं वैर होतं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी शासक योहान हिर्कानसने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं होतं, आणि लूकच्या 9व्याच अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही म्हणून याकोब-योहान वरून अग्नी पाडायला निघाले होते. एक अध्याय उलटला आणि त्यांच्यातल्याच एकाला येशूने खोगिरावरून उतरवून जखमा बांधायला बसवलं. बारा शिष्यांपैकी दोघांचे चेहरे तेव्हा कसे झाले असतील, हे मुलांना चित्रात काढायला सांगा. मजा येईल.

वेळ उरला तर 2 इतिहासाचा 28वा अध्याय वाचून दाखवा. शोमरोनच्या सैन्याने यहुदाची माणसं कैद करून आणली, तेव्हा ओदेद नावाचा संदेष्टा आडवा आला. मग शोमरोनच्या लोकांनी त्या कैद्यांना कपडे दिले, खाऊपिऊ घातलं, तेल लावलं, अशक्त होते त्यांना गाढवांवर बसवलं आणि यरीहोला पोचवलं. तेल, गाढव, यरीहो, सगळं तिथे आहे. येशू ही गोष्ट रचताना आपल्या लोकांच्या शास्त्रातलं एक विसरलेलं पान त्यांच्यापुढे धरत होता, असं माझं मत. त्याला तोरा विरुद्ध प्रीती अशी लढाई लावायची असती, तर त्याने हे पान निवडलं नसतं.

पाळकसाहेबांशी बोला, पण उपदेशानंतर दारात नको आणि चार लोकांत तर नकोच. भेटायला जा, बरोबर लूकचा 10वा आणि लेवीयाचा 19वा अध्याय न्या, आणि 'शास्त्र्यानेच दोन आज्ञा सांगितल्या, हे तुम्ही कधी उपदेशात घ्याल का?' असं विचारा. बहुतेक पाळकांना वचनातून आलेला प्रश्न आवडतो. मैत्रिणीला वाईट वाटलं हे सांगायचं असेल तर तिला आधी विचारा. तिची तक्रार तुम्ही परस्पर नेऊन पोचवू नये.

वल्हांडणाच्या जेवणाला माझा विरोध आहे. येशूच्या काळी या सणाचा गाभा म्हणजे यरुशलेमच्या मंदिरात मारलेला कोकरा. आज यहुदी घरांमध्ये ज्या क्रमाने ते जेवण होतं, त्याची घडी बसली ती मंदिर गेल्यानंतर, कोकऱ्याशिवाय सण कसा करायचा या दुःखातून. ते वाचून दाखवून 'येशूने असंच केलं' म्हणणं इतिहासाला धरून नाही, आणि दुसऱ्याच्या घरचा चालू सण आपल्या अर्थाने वेदीपुढे मांडणंही शोभत नाही. मंडळीला काही करायचंच असेल तर निर्गमाचा 12वा अध्याय वाचा आणि स्तोत्र 113 ते 118 गा. जेवणानंतर गीत गाऊन ते जैतुनाच्या डोंगराकडे गेले असं मार्क म्हणतो. वल्हांडणाला गायची स्तोत्रं ती हीच. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगड कोनशिला झाला, हे 118व्या स्तोत्रात आहे. आपल्या चालीत बसतात, पेटी-तबल्यावर छान होतात.

मैत्रिणीला त्या गुरुवारी 'समजावून सांगायला' बोलावू नका. सहकाऱ्याला नमुना म्हणून उभं करणं बरं नव्हे. तिने तिच्या घरी वल्हांडणाला बोलावलं तर मात्र जरूर जा. जाताना केक, बिस्किटं, पाव असलं काही नेऊ नका, त्या आठ दिवसांत घरात खमीर चालत नाही. फळं न्या, आणि नेण्याआधी तिला फोन करून विचारा.